बुडाचा गुलबाबा आणि पेस्टचे इस्माएली

बुडापेस्ट हे तसे पाहिले तर एक शहर नव्हे. डॅन्यूब नदीच्या पश्चिम काठावर डोंगरावर वसलेले बुडा, त्याच्या उत्तरेचे जुने ओबुडा आणि पूर्व काठावरचे सपाट पेस्ट अशी तीन गावे १८७३ साली एकत्र करून ही राजधानी झाली. आपल्याकडून युरोप पाहायला जाणारी मंडळी बहुधा सहल कंपनीबरोबर जातात. त्यांच्या वाट्याला हे शहर दीड दिवस येते. पार्लमेंटची इमारत, नदीतली बोट, रात्रीची रोषणाई, आणि दुसऱ्या दिवशी व्हिएन्नाची बस. आम्ही एकटेच गेलो आणि आठ दिवस राहिलो. एकट्याने फिरण्यात गैरसोयी पुष्कळ आहेत. भाषा कळत नाही, खोलीचे भाडे दोघांइतकेच पडते, आणि ताटातल्या पदार्थात डुकराची चरबी आहे की नाही हे दर वेळी खाणाखुणांनी विचारावे लागते. पण एक मोकळीकही असते. एखाद्या भिंतीसमोर अर्धा तास उभे राहिले तरी "चला, उशीर होतोय" म्हणणारे कोणी नसते. आम्हांला जे पाहायचे होते ते बरेचसे अशा भिंतींतच होते.

या शहरावर १५४१ ते १६८६ अशी १४५ वर्षे उस्मानी तुर्कांचे राज्य होते. आम्ही महाराष्ट्रातले मुसलमान. घरात मराठी बोलणारे, तुर्कांशी रक्ताचे कोणतेही नाते नसणारे. तरीही शाळेत इतिहासाचा तास सुरू झाला की मागच्या बाकावरून कोणीतरी "तुमचे बादशहा" म्हणणार, हे आपल्यापैकी बहुतेकांनी अनुभवले आहे. ज्या देशाने मुसलमान सुलतानाचे राज्य सोसले, ते उलथून टाकले आणि जिथे आज मुसलमान हाताच्या बोटांवर मोजावेत इतके थोडे आहेत, तिथल्या दगडांनी आणि माणसांनी त्या काळाचे काय केले, हे पाहावे अशी जुनी इच्छा होती.

पण पहिला धक्का बसला तो तुर्कांचा नव्हे, त्यांच्याआधीच्या मुसलमानांचा. पेस्ट बाजूला वारोशलिगेत नावाची मोठी बाग आहे. तिथे एका काळोख्या चेहऱ्याच्या, डोक्यावर टोपडे ओढून बसलेल्या माणसाचा ब्राँझचा पुतळा आहे. हा अनॉनिमस, म्हणजे 'अनामिक'. हंगेरीचा सर्वांत जुना इतिहास लिहिणारा लेखनिक. त्याचे नाव कोणालाच ठाऊक नाही, म्हणून शिल्पकाराने चेहराही झाकून ठेवला. लोक येतात, त्याच्या हातातल्या लेखणीला हात लावतात, कारण त्याने लिहिण्यात यश येते अशी समजूत आहे. (आम्हीही लावला. लेखकाला कोणताही पीर चालतो.) या अनामिकाने लिहून ठेवले आहे की तक्शोन राजाच्या काळात, म्हणजे दहाव्या शतकात, बुल्गारांच्या मुलखातून बिल्ला आणि बक्श नावाचे दोन सरदार पुष्कळ इस्माएली लोकांना घेऊन आले आणि राजाने त्यांना पेस्ट नावाचा किल्ला दिला. इस्माएली म्हणजे हजरत इस्माईल यांचे वंशज. त्या काळचे ख्रिस्ती लेखक मुसलमानांना असेच म्हणत. 'बक्श' हे नाव वाचून आपल्या मोहल्ल्यातले दोन-चार बक्ष डोळ्यांपुढे येतात, पण तो निव्वळ आवाजाचा सारखेपणा समजावा. मुद्दा असा की या राजधानीचा पूर्वेकडचा अर्धा भाग लिखित इतिहासात पहिल्यांदा दिसतो तो मुसलमानांच्या वस्तीच्या रूपाने. आणि ते तलवार घेऊन आले नव्हते; राजाने बोलावून जागा दिली म्हणून राहिले.

या लोकांना भेटायला बाराव्या शतकात एक एकटा प्रवासी आला होता. ग्रानाडाचा अबू हामिद. स्पेनमधून निघालेला हा माणूस आयुष्यभर फिरत राहिला आणि ११५० ते ११५३ अशी तीन वर्षे हंगेरीत राहिला. तेव्हा दुसरा गेझा राजा होता. अबू हामिदने लिहिले आहे की इथे दोन प्रकारचे मुसलमान आहेत. एक उघडपणे मुसलमान म्हणवणारे आणि राजाच्या फौजेत लढणारे. दुसरे दरबारी चाकरी करणारे, जे वरून ख्रिस्ती दिसतात आणि आतून इस्लाम पाळतात. त्यांना धर्माची माहिती फार थोडी होती. अबू हामिदने त्यांना जुम्म्याची नमाज आणि खुत्बा शिकवला, थोडी अरबी शिकवली आणि दारू सोडायला सांगितले. दारूबंदीची गोष्ट राजाच्या कानावर गेली आणि त्याने जाब विचारला. ख्रिस्ती माणूस दारू जेवणासारखी घेतो, मुसलमान घेतो तो बेहोश होण्यासाठीच, अशा अर्थाचे उत्तर या चतुर मुल्लाने दिले आणि वेळ निभावून नेली. पुढे त्याला देश सोडायची परवानगी मिळाली ती मोठा मुलगा हामिद तिथेच ठेवण्याच्या अटीवर. हामिदचे लग्न तिथेच झाले, मुलेबाळे झाली. बाप निघून गेला.

सत्तर वर्षांनंतर, १२२० च्या सुमारास, याकूत अल-हमवी या प्रसिद्ध भूगोलकाराला हलबच्या बाजारात काही परदेशी विद्यार्थी भेटले. ते हंगेरीचे मुसलमान होते, हनफी फिकह शिकायला आलेले. आमची तीसेक गावे आहेत, आम्ही तिथल्या लोकांसारखाच पोशाख करतो, त्यांचीच भाषा बोलतो, असे त्यांनी सांगितले. हे वाचताना आम्हांला परके वाटले नाही. पोशाख इथला, भाषा इथली, आणि इल्मसाठी पूर्वेकडचा प्रवास! पण त्याच सुमारास, १२२२ साली, हंगेरीच्या राजाने सरदारांच्या दबावाखाली 'सुवर्ण सनद' काढली. हंगेरीत तिचा मान मोठा आहे. इंग्लंडच्या मॅग्ना कार्टाशी तिची तुलना होते. सरदारांचे हक्क तिने पक्के केले हे खरेच. त्याच सनदेत एक कलम आहे: टाकसाळ, मीठ आणि जकात यांच्या कामावर इस्माएली आणि यहुदी यांना नेमू नये. पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत ही तीस गावे नाहीशी झाली. कत्तलीची नोंद नाही. एकेक करून लोक विरघळून गेले.

इस्माएली आणि यहुदी ही जोडी या शहरात पुढे पुन्हा भेटणार आहे.

आता तुर्कांकडे वळू. १५२६ हे साल आपल्याला पानिपतामुळे पाठ असते. त्या वर्षी एप्रिलमध्ये बाबराने इब्राहिम लोदीचा पराभव केला आणि लोदी रणात पडला. चारच महिन्यांनी, २९ ऑगस्ट १५२६ रोजी, सुलतान सुलेमानने मोहाचच्या मैदानावर हंगेरीच्या फौजेचा धुव्वा उडवला आणि तरुण राजा दुसरा लायोश पळताना मरण पावला. दोन्हीकडे तोफखान्याने निकाल लावला. बाबराने तर पानिपतावर गाड्या साखळीने जोडण्याची रीत 'रूमी' म्हणजे उस्मानी पद्धतीची असल्याचे स्वतःच नोंदवले आहे. एक फरक मात्र ध्यानात ठेवण्यासारखा. पानिपतावर हरलेला राजाही मुसलमानच होता.

मोहाचनंतर कैद्यांच्या कत्तली झाल्या, गावे जळाली, माणसे गुलाम म्हणून नेली गेली. हे सांगताना आम्ही आवाज खाली करणार नाही. तुर्कांच्या हंगेरीतील राज्याची तारीफ करणारे काही लेख उर्दूत आम्ही वाचले आहेत. त्यांत हमामे आणि कारंजी असतात, ओसाड पडलेली गावे नसतात. दीडशे वर्षांच्या लढायांत मधला सपाट मुलूख उजाड झाला, आणि त्यात तुर्क, तातार, हाब्सबर्ग आणि स्थानिक सरदार या सगळ्यांचा हात होता.

बुडा मात्र १५४१ साली जवळजवळ रक्त न सांडता घेतले गेले. गोष्ट मजेदार आहे. सुलेमानने हंगेरीच्या तान्ह्या राजपुत्राला आपल्या छावणीत भेटीला बोलावले. सरदार पोराला घेऊन गेले. तिकडे मेजवानी चालू असताना यानिचेरी शिपाई दोन-दोन, चार-चार करून, शहर पाहायला आलेल्या पाहुण्यांसारखे हिंडत किल्ल्यात शिरले आणि संध्याकाळपर्यंत बुरुज त्यांच्या ताब्यात होते. मेजवानीला गेलेला बालिंत त्योरोक हा सरदार उठून निघू लागला तेव्हा "थांबा, काळे सूप अजून यायचे आहे" असे त्याला सांगण्यात आले, अशी दंतकथा आहे. काळे सूप म्हणजे कॉफी. बालिंतला कैद करून इस्तंबूलला नेले आणि तो तिथेच मेला. हंगेरियन माणूस आजही "काळे सूप अजून बाकी आहे" म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ असतो, खरे संकट पुढेच आहे.

किल्ल्यावरच्या मुख्य चर्चची मशीद झाली. आज त्याला मात्याश चर्च म्हणतात. वेद्या आणि मूर्ती गेल्या, रंगीत भिंतींवर चुना फासला गेला. तिथे पहिली जुम्म्याची नमाज झाली ती २ सप्टेंबर १५४१ रोजी. परंपरा सांगते की त्याच नमाजेच्या वेळी एक म्हातारा बेक्ताशी दरवेश कोसळला आणि अल्लाहला प्यारा झाला. त्याचे नाव गुलबाबा. तो अनातोलियातल्या मर्झिफोनचा. फौजेबरोबर आलेला. सुलतान स्वतः जनाजाला होता असेही सांगतात.

गुलबाबाची मजार नदीजवळच्या टेकडीवर आहे. १५४३ ते १५४८ या काळात बुडाचा पाशा मेहमेद याने ती बांधली. जायला गुलबाबाच्याच नावाची गल्ली आहे, गोट्यांची फरसबंदी असलेली आणि इतकी चढाची की मध्ये दोनदा थांबावे लागते. वर दगडी अष्टकोनी इमारत, घुमट, भोवती गुलाबांचे ताटवे आणि खाली डॅन्यूब. टेकडीचे नावच रोझादोंब, गुलाबांची टेकडी. बाबाने गुलाब इथे आणले असे लोक मानतात; काही अभ्यासक म्हणतात की तो पगडीत गुलाब खोवत असे, आणि काही तर मूळ शब्द 'केल' म्हणजे टकला असा होता असेही सुचवतात. आपल्याकडच्या दर्ग्यांवर जशी आख्याने तयार होतात तशीच ही. आम्ही हाजीमलंगचा डोंगर चढणाऱ्या पिढीतले. चढ, दम, वर गेल्यावरचा वारा आणि आतला शांत अंधार हे सगळे ओळखीचे होते. नव्हता तो मुजावर, अगरबत्ती आणि गर्दी. आत हिरव्या कापडाने झाकलेली कबर. आम्ही फातिहा पढलो. तेवढ्या वेळात एक वृद्ध हंगेरियन जोडपे आत आले, आम्हांला पाहून दारातच थांबले आणि आमचे झाल्यावरच पुढे सरकले.

१६८६ नंतर जेझुइटांनी या मजारीचे संत जोसेफचे प्रार्थनाघर केले होते. पाडली नाही, हे महत्त्वाचे. पुढे जागा खासगी मालकीत गेली तरी तुर्कस्तानातून येणाऱ्या जियारतींना तिथे जाता येत असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उस्मानी सरकारने डागडुजी करवली, आणि १९०५ साली येनो हुस्का या संगीतकाराने 'गुलबाबा' नावाची संगीतिका रंगमंचावर आणली. त्यात बाबाला एक सुंदर मुलगी आहे आणि तिच्यासाठी गुलाब तोडणारा एक फटिंग विद्यार्थी. ज्या देशाने तुर्कांशी दीडशे वर्षे झुंज दिली त्या देशातल्या लोकांनी त्यांच्या फकिराला नाटकातला लाडका म्हातारा करून टाकले. बेक्ताशींना बहुधा ते आवडलेही असते.

तुर्कांनी सर्वांत टिकाऊ असे जे मागे ठेवले ते पाण्यात आहे. बुडाच्या डोंगराखालून गरम पाण्याचे झरे येतात. १५६६ ते १५७८ या काळात बुडाचा पाशा असलेल्या सोकोल्लू मुस्तफाने त्यांवर हमाम बांधले किंवा पुरे केले. रुदाश त्यांपैकी एक. आठ खांबांवर घुमट, घुमटात ताऱ्यांसारखी छिद्रे, त्यातून येणारे रंगीत कवडसे आणि खाली अष्टकोनी हौद. पाण्यात गळ्यापर्यंत बसून घुमटाकडे पाहिले की चारशे पन्नास वर्षे कुठे गेली ते कळत नाही. भोवती बसलेल्या हंगेरियन आजोबांना हे 'तुर्की' आहे याची ना लाज ना कौतुक; त्यांच्या गुडघेदुखीला ते बरे पडते. मुस्तफा पाशाचा शेवट मात्र वाईट झाला. १५७८ मध्ये किल्ल्यावरचे दारूचे कोठार उडाले आणि त्यानंतर सुलतानाच्या हुकमाने त्याचा जीव घेतला गेला. चांगले हमाम बांधल्याची सवलत मिळाली नाही.

मशिदी शोधायला मात्र चिकाटी लागते. एव्हलिया चेलेबी हा तुर्क प्रवासी १६६३ च्या सुमारास इथे आला तेव्हा त्याने बुडाच्या मशिदी, मदरसे, हमाम यांचे तपशील भरभरून लिहिले. त्याच्या अतिशयोक्तीतून निम्मे वजा केले तरी ते एक नांदते मुसलमान शहर होते. आज त्यातले काय उरले? फ्यो उत्सा या नदीलगतच्या रस्त्यावर कापुचिन पंथाचे चर्च आहे. त्याच्या दक्षिण भिंतीवर, गिलाव्यातून डोकावणाऱ्या, टोकदार तुर्की कमानीच्या खिडक्या दिसतात. ही तोयगुन पाशाची मशीद होती. पलीकडे पेस्टमध्ये, एलिझाबेथ पुलाच्या तोंडाशी, शहरातले जुने पॅरिश चर्च आहे. आत वेदीच्या उजव्या बाजूला, गॉथिक कोनाड्यांच्या रांगेत, एक कोनाडा वेगळा आहे. तो मिहराब. चर्च होते, त्याची मशीद झाली, पुन्हा चर्च झाले. पण नंतरच्या लोकांनी तो कोनाडा बुजवला नाही. आम्ही मनातल्या मनात किब्ल्याचा अंदाज घेतला. दिशा आग्नेयेची, बरोबर लागत होती. चर्चमध्ये त्या वेळी प्रार्थना चालू होती. आम्ही शेवटच्या बाकावर बसून राहिलो.

इथे हिशेब दोन्ही बाजूंनी मांडावा लागतो. तुर्कांनी चर्चच्या मशिदी केल्या, जिंकणाऱ्या ख्रिस्त्यांनी मशिदींची चर्चे केली. ज्याला एकच बाजू आठवते तो इतिहास सांगत नसून फिर्याद सांगत असतो. आपल्या देशातही असे फिर्यादी दोन्हीकडे आहेत.

१६८६ च्या उन्हाळ्यात लोरेनच्या चार्ल्सच्या नेतृत्वाखाली युरोपातल्या अनेक देशांच्या फौजांनी बुडाला वेढा घातला. २ सप्टेंबरला किल्ला पडला. शेवटचा पाशा अब्दुर्रहमान सत्तरीचा म्हातारा होता. तो तुर्क नव्हता. नावातच 'अर्नावुत' आहे, म्हणजे अल्बानियन. शरण जाण्याचे नाकारून तो हातात तलवार घेऊन पडला. त्या दिवशी शहरातल्या मुसलमानांची कत्तल झाली, आणि यहुद्यांचीही. बुडाचे यहुदी तुर्कांच्या बाजूने तटावर लढले होते, कारण ख्रिस्ती फौज आली तर आपले काय होणार हे त्यांना ठाऊक होते. जे वाचले त्यांना युरोपभरच्या यहुद्यांनी खंडणी देऊन सोडवले. दुसरीकडे थोकोलीसारखे प्रॉटेस्टंट हंगेरियन सरदार त्या काळात हाब्सबर्गांविरुद्ध सुलतानाला मिळालेले होते. धर्मयुद्ध म्हणून सांगितल्या जाणाऱ्या लढाईतली माणसे अशी कप्प्यांत बसत नाहीत.

याच सप्टेंबरात आपल्याकडे काय चालले होते? औरंगजेबाने विजापूर घेतले. आदिलशाही संपली. आदिलशाहीचा संस्थापक युसुफ हा उस्मानी राजघराण्यातला मुलगा होता, अशी कथा फरिश्त्याने लिहिली आहे. इतिहासकार ती फारशी मानत नाहीत, पण विजापूरकरांना ती प्रिय होती. म्हणजे एकाच महिन्यात बुडाची उस्मानी सत्ता ख्रिस्ती राजांनी संपवली आणि उस्मानी वंशाचा अभिमान सांगणारी दख्खनची गादी एका मुसलमान बादशहाने. ज्या आदिलशाहीच्या महसुली दफ्तरात मराठी चालत असे, ती बुडवणारा आलमगीर 'आमचा', की बुडालेला सिकंदर आदिलशहा 'आमचा'? मागच्या बाकावरच्या त्या मुलाला हा प्रश्न विचारायचा राहून गेला.

अब्दुर्रहमान पाशा जिथे पडला तिथे, किल्ल्याच्या वायव्य टोकाला, झाडाखाली एक छोटे स्मारक आहे. १९३२ साली ते उभारले. उभारणारे तुर्क नव्हेत. त्याच दिवशी त्याच जागी मारल्या गेलेल्या एका हंगेरियन शिपायाचे वंशज. मजकूर हंगेरियन आणि तुर्की अशा दोन भाषांत आहे. बुडाचा शेवटचा तुर्क अधिकारी इथे पडला, तो शूर शत्रू होता, त्याला शांती लाभो, असा त्याचा आशय. 'शत्रू' हा शब्द त्यांनी गाळला नाही. 'शूर' हाही नाही. आम्ही त्या दगडासमोर बराच वेळ थांबलो. प्रतापगडाखाली अफझलखानाची कबर आहे, आणि खानाला रीतसर दफन करण्याचा हुकूम शिवाजी महाराजांनी दिला होता अशी परंपरा आपल्याकडे सांगितली जाते. पण त्या कबरीवरून गेल्या काही दशकांत काय काय झाले ते वाचकांना माहीत आहे.

शत्रूशी वागण्याचे आणखी एक उदाहरण पुस्तकांचे आहे. पंधराव्या शतकातल्या मात्याश राजाचे ग्रंथालय युरोपात नावाजलेले होते. १५२६ नंतर त्यातले पुष्कळ ग्रंथ इस्तंबूलला गेले. १८७७ साली रशियाशी युद्ध चालू असताना बुडापेस्टच्या विद्यार्थ्यांनी तुर्कांना पाठिंबा दिला, तेव्हा सुलतान अब्दुल हमीदने त्यांतले ३५ ग्रंथ बुडापेस्टच्या विद्यापीठाला परत पाठवले. साम्राज्यांनी नेलेले परत केल्याची उदाहरणे जगात फार नाहीत.

भाषेत राहिलेले मात्र कोणी परत मागितले नाही. हंगेरियन भाषा युरोपच्या बहुतेक इतर भाषांशी जुळत नाही. आठ दिवसांत आम्हांला रस्त्यांची नावेही धड उच्चारता आली नाहीत. पण मधूनच एखादा शब्द ओळख देतो. खिशाला ते 'झेब' म्हणतात, म्हणजे आपली जेब. चपलेला 'पापुच', म्हणजे फारसी 'पापोश', ज्याचा आपण मराठीत 'पायपोस' केला. बाजाराला 'वाशार', हाही मूळचा इराणी शब्द, तुर्कांच्याही आधी आलेला. तंबाखूला 'दोहान्य', म्हणजे अरबी 'दुखान', धूर. आणि तिखट! हंगेरीचे पाप्रिका आज जगप्रसिद्ध आहे, पण पूर्वी तिला 'तुर्की मिरी' म्हणत. मिरची मूळची अमेरिकेची. आपल्याकडे ती पोर्तुगिजांनी आणली, हंगेरीत तुर्कांच्या वाटेने आली. आता तिच्याशिवाय ना गुलाश होतो ना कोल्हापुरी रस्सा.

दोहान्य रस्त्यावरच युरोपातले सर्वांत मोठे सिनेगॉग आहे, १८५९ साली पूर्ण झालेले. दुरून पाहिले तर मशीदच वाटते: दोन उंच मनोरे, पट्ट्यांच्या विटा, अंदलुसी नक्षी. एकोणिसाव्या शतकातल्या यहुद्यांना आपले पूर्वेकडचे मूळ दाखवायचे होते, आणि त्यासाठी त्यांना मुसलमानी स्पेनची शैली जवळची वाटली. त्याच्या आवारात १९४४-४५ च्या हिवाळ्यात ग्येटोमध्ये मेलेल्या दोन हजारांहून अधिक माणसांच्या कबरी आहेत. नदीकाठी, पार्लमेंटजवळ, लोखंडाचे साठ जोड बूट ठेवलेले आहेत. हंगेरियन नाझींनी यहुद्यांना काठावर उभे करून बूट काढायला लावले आणि गोळ्या घातल्या. बूट महाग होते, ते विकता येत. बायकांचे, पुरुषांचे, लहान मुलांचे बूट. १९४४ ची ही गोष्ट १२२२ च्या कलमापासून सुरू झाली असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. मध्ये फार मोठा काळ आहे. पण ते कलम वाचताना आम्हांला ते बूट आठवले, एवढे खरे.

१८७८ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीने बोस्निया ताब्यात घेतला आणि बोस्नियाचे मुसलमान सम्राटाच्या फौजेत भरती होऊन या शहरात दिसू लागले. पहिल्या महायुद्धात तुर्क दोस्त झाले. १९१६ साली हंगेरीच्या संसदेने सतरावा कायदा करून इस्लामला मान्यताप्राप्त धर्म ठरवले. आणि १८७३ ते १९१६ हे जे दिवस होते त्याच दिवसांत या शहरात तीन माणसे काम करत होती, ज्यांच्याशी आपला थेट संबंध आहे. तिघेही यहुदी कुटुंबांत जन्मलेले.

पहिला आर्मिन वाम्बेरी. एका पायाने लंगडा, गरिबीत वाढलेला. १८६३ मध्ये दरवेशाचा वेश घेऊन, रशीद एफेंदी नावाने, तो खीवा, बुखारा आणि समरकंद फिरून आला. एकट्या प्रवासाच्या आमच्या गैरसोयी त्याच्यापुढे काहीच नाहीत. तिथे ओळख पटली असती तर मान गेली असती. दुसरा त्याचा विद्यार्थी इग्नाझ गोल्डझिहर. १८७३-७४ मध्ये तो कैरोच्या अल-अझहरमध्ये शिकला, मुसलमान नसताना. परत आल्यावर पगारी प्राध्यापकपद मिळायला त्याला १९०५ साल उजाडावे लागले. तोवर तीस वर्षे यहुदी जमातीच्या कचेरीत चिटणिसाची नोकरी करून तो रात्री हदीसवर काम करी. त्याची हदीसविषयक मते आपल्या उलेमांना मान्य नाहीत. त्यांना तपशिलवार उत्तर देणाऱ्यांत एक नाव भारतात जन्मलेल्या मुहम्मद मुस्तफा आझमी यांचे आहे, ज्यांनी १९६६ मध्ये केंब्रिजला त्यावरच प्रबंध लिहिला. शिव्या देण्यापेक्षा प्रबंध लिहिणे अवघड असते. गोल्डझिहरचा ग्रंथसंग्रह जेरुसलेमला गेला, त्याला आलेली हजारो पत्रे मात्र बुडापेस्टच्या विज्ञान अकादमीत आहेत.

तिसऱ्याकडे येण्याआधी अलीकडचे दोन प्रसंग. २०१५ च्या उन्हाळ्यात सीरिया, अफगाणिस्तान, इराकमधून आलेले हजारो निर्वासित केलेती स्टेशनच्या आवारात अडकून पडले होते. ४ सप्टेंबरला त्यांतले पुष्कळजण पायीच ऑस्ट्रियाच्या दिशेने चालू लागले. त्याच महिन्यात सर्बियाच्या सीमेवरचे कुंपण पुरे झाले. तेव्हाचे पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान यांनी मुसलमान मोठ्या संख्येने नकोत असे सांगताना तुर्कांच्या दीडशे वर्षांचा दाखला दिला. हलबच्या विद्यार्थ्याला, ज्याच्या शहरात एकेकाळी हंगेरीची मुले शिकत होती, सुलेमानच्या तोफांचा जाब द्यावा लागला. तीन वर्षांनी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, तेच ओर्बान तुर्कस्तानच्या अध्यक्ष एर्दोआन यांच्यासोबत नूतनीकरण झालेल्या गुलबाबाच्या मजारीचे उद्घाटन करत होते. मेलेला दरवेश चालतो. त्याच्या नावावर व्यापारी करारही होतात.

तिसरा माणूस ज्युला गेर्मानुस. जन्म १८८४, बुडापेस्ट. वाम्बेरी आणि गोल्डझिहर या दोघांचा शिष्य. १९२९ मध्ये रवींद्रनाथ ठाकुरांच्या निमंत्रणावरून तो पत्नी रोझा हायनोत्सी हिच्यासह शांतिनिकेतनला आला आणि इस्लामी विद्यांचा विभाग सांभाळू लागला. या विभागासाठी पैसा दिला होता हैदराबादच्या निजामाने. एक लाख रुपये. त्या वेळी आपला सारा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेडच्या शेतसाऱ्यातले काही रुपये एका हंगेरियन यहुदी पंडिताला बंगालमध्ये इस्लाम शिकवण्यासाठी खर्च झाले, हे कोणाच्या ध्यानातही नसेल. १९३० च्या अखेरीस दिल्लीच्या जामा मशिदीत त्याने इस्लाम स्वीकारला आणि अब्दुल करीम हे नाव घेतले. लाहोरला तो इक्बालांना भेटला, १९३५ मध्ये हज केला. रोझाने त्या तीन वर्षांवर लिहिलेले 'बंगालचा अग्नी' हे पुस्तक हंगेरीत अजून वाचले जाते, आणि कित्येक हंगेरियनांची भारताशी पहिली ओळख त्यातूनच होते.

अब्दुल करीम गेर्मानुस १९७९ साली वारला. बुडाच्या डोंगरावर फारकाशरेत नावाचे मोठे कब्रस्तान आहे, तिथे तो पुरलेला आहे. ५९ नंबरची ट्राम फाटकाशी सोडते. बाहेर फुले विकणाऱ्या बायका बसतात. त्यांना 'गेर्मानुस' एवढे सांगून उपयोग झाला नाही, पण कचेरीतल्या माणसाने नकाशावर पेन्सिलीने खूण करून दिली. त्या दिवशी पाऊस होता. बाईकडून आम्ही गुलाब घेतले होते, चार. आपल्याकडे फुले विषम संख्येने न्यावीत की सम, याला काही नियम नाही. तिने मात्र बोटांनी मोजून, कबरीसाठी समच, असे बजावले होते.